सर रोनाल्ड रॉस : हिंवतापाचा हिशेब मांडणारा वैद्य

विद्यार्थिमित्रहो, गणिताच्या तासास बसलें असतां तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक प्रश्न येतो, व धीट मुलें तो आम्हांस विचारूनही टाकतात. त्रैराशिक, समीकरणें, अ आणि ब यांची ही उठाठेव पुढें आमच्या कोणत्या कामीं पडणार? बाजाराच्या हिशेबापुरतें गणित आलें म्हणजे पुरे नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर फळ्यापुढें उभें राहून देण्यापेक्षां एका थोर पुरुषाच्या चरित्रानें दिलेलें बरें, असें आम्हांस वाटतें. हा पुरुष म्हणजे सर रोनाल्ड रॉस. हिंवताप डासांमुळें पसरतो हें त्यांनीं दाखवून दिलें, एवढी गोष्ट तुम्हांस ठाऊक असेल. परंतु ती त्यांच्या कार्याची अर्धीच कथा होय. रोग किती पसरेल, केव्हां वाढेल, केव्हां ओसरेल आणि कोठें थांबेल, हें गणितानें कसें मांडावें याच्या पायाचे मोठे दगड त्यांनींच रचले. हा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाहीं; म्हणून तो तुमच्यापुढें व तुमच्या वडील मंडळींपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं हिमालयाच्या कुशींतील अलमोडा येथें झाला. मीरत येथें शिपायांचा उठाव होऊन तेव्हां तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेंत अधिकारी असून पुढें सेनापतीच्या पदास चढले. दहा भावंडांत रोनाल्ड हे सर्वांत थोरले. आठव्या वर्षीं त्यांस शिक्षणासाठीं इंग्लंडास पाठविण्यांत आलें. त्यांच्या मनाचा ओढा कविता, चित्रकला व संगीत यांकडे होता. शाळेंत गणिताचेंही बक्षीस त्यांनीं मिळविलें. वैद्य होण्याची मात्र त्यांस मुळींच हौस नव्हती. केवळ वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते १८७४ सालीं लंडन येथील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकशाळेंत दाखल झाले. तेथील अभ्यास बेताचाच झाला, एका परीक्षेंत अपयशही पदरीं आलें, आणि कांहीं काळ त्यांनीं आगबोटीवरील वैद्याची नोकरी पत्करली. अखेर १८८१ सालीं त्यांचा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें प्रवेश झाला. एका परीक्षेवरून मुलाची किंमत ठरवूं नये, हा बोध आमच्या वाचकांतील पालकांनीं येथें सहज घ्यावा.

हिंदुस्थानांत आल्यावर मद्रास, बंगलोर, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणीं त्यांच्या बदल्या झाल्या. फावल्या वेळांत ते काव्यें व कादंबऱ्या लिहीत. आणि शाळेंत सुटलेला गणिताचा धागा त्यांनीं येथेंच पुन्हां हातीं धरला. कोणी गुरु नसतां, केवळ आवडीनें, ते उच्च गणिताचीं पुस्तकें वाचीत बसत. सन १८८३ मध्यें बंगलोर येथें राहत असतां त्यांच्या खोलींत डासांचा फार उपद्रव होऊं लागला. शोध करितां खिडकीबाहेर पाण्यानें भरलेल्या एका भांड्यांत डासांचे किडे वळवळतांना त्यांस दिसले. तें पाणी ओतून देतांच खोलींतील डास कमी झाले. गोष्ट लहान, परंतु तिच्यांतील तत्त्व त्यांच्या मनांत राहून गेलें.

सन १८९४ मध्यें रजेवर लंडनास गेले असतां त्यांची डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्याशीं गांठ पडली. हिंवतापाचा जंतु फ्रेंच वैद्य लाव्हरां यांनीं १८८० सालींच रोग्याच्या रक्तांत पाहिला होता. तो जंतु मॅन्सन यांनीं रॉस यांस सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दाखविला, आणि डासाचा त्याच्याशीं कांहीं संबंध असावा अशी आपली अटकळही सांगितली. ती अटकळ पारखून पाहण्याचा निश्चय करूनच रॉस परत आले. सिकंदराबाद येथें १८९५ पासून त्यांनीं डास पकडून, त्यांस रोग्यांचें रक्त पिऊं देऊन, मग एकेक डास चिरून तपासण्याचा क्रम चालविला. उन्हाळ्याचा ताव असह्य असे, परंतु चिरलेल्या डासाचे सूक्ष्म तुकडे उडून जातील म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. घामानें यंत्राचे खिळे गंजले. दोन वर्षें अपयशाशिवाय हातीं कांहीं लागलें नाहीं, कारण ते ज्या जातीचे डास तपाशीत होते त्यांत हा जंतु वाढतच नाहीं.

अखेर १८९७ च्या ऑगस्टांत ठिपकेदार पंखांच्या वेगळ्या जातीचे डास त्यांस मिळाले. हुसेनखान नांवाच्या रोग्यानें दर डासामागें एक आणा घेऊन ते आपणांस चावूं दिले. त्या डासांपैकीं एकाच्या जठराच्या भिंतींत २० ऑगस्ट १८९७ रोजीं रॉस यांस काळे कण असलेल्या अनोळखी पेशी आढळल्या. हिंवतापाचा जंतु डासाच्या देहांत वाढत होता! त्या रात्रीं त्यांनीं ईश्वराचे आभार मानणारी कविता लिहिली.

पुढच्याच महिन्यांत सरकारी हुकूम आला कीं ताबडतोब मुंबईस निघावें. आणि मुंबईहून त्यांची रवानगी राजपुतान्यांतील खेरवाडा येथें झाली, जेथें अभ्यासापुरते हिंवतापाचे रोगीही मिळेनात. कित्येक महिने असे वायां गेल्यावर १८९८ सालीं त्यांस कलकत्त्यास नेमण्यांत आलें. तेथें महंमद बक्ष या आपल्या मदतनीसाच्या साहाय्यानें पक्ष्यांच्या हिंवतापावर प्रयोग करून त्यांनीं जुलै महिन्यांत दाखविलें कीं, जंतु डासाच्या लाळेच्या ग्रंथींत जाऊन पोंचतो व डास चावतांच निरोगी पक्ष्याच्या रक्तांत शिरतो. मनुष्याच्या हिंवतापाचें हेंच चक्र त्याच वर्षीं इटलींतील ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. रॉस यांस १९०२ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

बहुतेक चरित्रें येथें संपतात. परंतु रॉस यांचा खरा झगडा येथूनच सुरू झाला.

सरकारी नोकरी १८९९ सालीं सोडून ते लिव्हरपूल येथें उष्ण प्रदेशांतील रोगांच्या नव्या विद्यालयांत शिकवूं लागले. आतां डबकीं बुजविलीं, नाल्या वाहत्या केल्या, डास कमी केले, कीं हिंवताप जाईल. सरकारें हें काम तत्परतेनें हातीं घेतील, अशी त्यांची समजूत होती. सुवेझ कालव्याच्या कांठीं इस्मायलिया नगरांत १९०२ पासून तसें झालेंही, आणि थोड्याच वर्षांत तेथील हिंवताप जवळजवळ नाहींसा झाला. उलट लाहोरजवळील मियां मीर छावणींत त्याच सुमारास केलेला प्रयोग फसला. भोंवतीं कालव्यांचें पाणी खेळत होतें, साफ केलेली जागा लहान होती, खर्च तुटपुंजा होता. डास पुन्हां आले व तापही राहिला. त्यावरून पुष्कळ जाणत्या लोकांनीं असा निष्कर्ष काढला कीं डासांच्या मागें लागणें व्यर्थ आहे. त्यांचा आक्षेप वरवर पाहतां अगदीं सयुक्तिक होता: डास असंख्य आहेत, सगळे मारणें मनुष्याच्या हातचें नाहीं, आणि थोडे जरी उरले तरी ते रोग पसरविणारच, मग हा खटाटोप कशासाठीं?

या आक्षेपास केवळ वादविवादानें उत्तर देतां येणार नाहीं, त्यास आंकड्यांनींच उत्तर दिलें पाहिजे, हें रॉस यांनीं ओळखलें. अमेरिकेंत सेंट लुई येथें १९०४ सालीं दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं एक प्रश्न सोडविण्यास घेतला. एका ठिकाणीं जन्मलेला डास वाट फुटेल तिकडे भटकला, तर तो मूळ स्थानापासून किती दूर जाईल? गणितानें असें निघालें कीं बहुतेक डास जन्मस्थानाच्या आसपासच राहतात, फार दूर जाणारे थोडे. म्हणून पुरेसें मोठें क्षेत्र साफ केलें तर कडेला डास येत राहिले तरी मध्यभागीं ते खचित कमी होतील. मियां मीरच्या अपयशाचें एक कारण असें कागदावर उलगडलें.

दुसरा प्रश्न याहून मोठा होता: डास किती कमी केले म्हणजे पुरे? याचें उत्तर त्यांस मॉरिशस बेटानें सुचविलें. उसाच्या मळ्यांचें हें बेट १८६७ च्या भयंकर साथीपासून हिंवतापानें गांजलें होतें. आपल्या मुंबई इलाख्यांतून मजुरीस गेलेलीं मराठी कुटुंबेंही तेथें वसलीं होतीं. सरकारनें बोलाविल्यावरून रॉस १९०७ च्या अखेरीस तेथें गेले व सुमारें तीन महिने राहिले. त्यांनीं हजारों मुलांच्या प्लीहा तपासविल्या. कारण वारंवार हिंवताप आलेल्या मुलाची प्लीहा, म्हणजे आपल्या बायका जिला पानथरी म्हणतात ती, वाढलेली असते. शंभर मुलांत किती जणांची प्लीहा वाढली आहे हें मोजलें कीं त्या गांवांतील हिंवतापाचें माप हातीं येतें. या पाहणीच्या १९०८ च्या अहवालांत त्यांनीं एक हिशेब मांडला. त्यांनीं उदाहरणादाखल धरलेलीं प्रमाणें घेऊन तो आपणही एका गांवापुरता करून पाहूं. कागद व पेन्सिल घ्या.

समजा, एका गांवांत हिंवतापाचे २० रोगी आहेत. सर्वांच्याच रक्तांतून डासास जंतु मिळतो असें नाहीं. चौथ्या हिश्शाच्या, म्हणजे ५ जणांच्या रक्तांतून मिळतो असें धरा. गांवांत दर माणसामागें हिंवताप पसरविणाऱ्या जातीचे ४८ डास आहेत. त्यांतील एकचतुर्थांशांसच माणसास चावण्याची संधि मिळते; राहिले १२. डासाच्या पोटांत जंतु तयार होण्यास दहाएक दिवस लागतात, तोंवर तिसरा हिस्साच जगतो, राहिले ४. त्यांतून पुन्हां एकचतुर्थांशांसच दुसऱ्या माणसास चावतां येतें, राहिला १. म्हणजे अशा एका रोग्यामागें महिन्यास एक नवा रोगी, पांचांमागें पांच. इकडे जुन्या २० रोग्यांपैकीं दरमहा पांचवा हिस्सा, म्हणजे ४ जण, बरे होतात. जमा ५, खर्च ४. ताप वाढूं लागला.

आतां डास ४८ चे ३६ करा. त्याच रीतीनें ३६ चे ९, ९ चे ३, आणि ३ चा पाऊण. पांच जणांमागें पावणेचार नवे रोगी. बरे होणारे ४. जमेपेक्षां खर्च अधिक झाला, आणि ताप दर महिन्यास ओसरूं लागला. माणसामागें ३६ डास उरले असूनही! तराजू बरोबर कोठें राहतो तें तुम्हीच काढा, उत्तर ३८.४ येईल, आणि रॉस यांनींही तो उंबरठा माणसामागें सुमारें ४० असाच सांगितला.

हाच तो रॉस यांचा गणिती शोध. सगळे डास मारण्याची गरज नाहीं. त्यांची संख्या एका उंबरठ्याखालीं आणली, व तेथें टिकवून धरली, कीं रोग स्वतःच्याच हिशेबानें बुडीत निघतो. उरलेले थोडे डास रोग चालूं ठेवतीलच, ही समजूत खोटी होती. परंतु तें कोणी मांडून पाहिलें नव्हतें. अशक्य वाटणारें काम केवळ आंकडे मांडल्यामुळें मनुष्याच्या आंवाक्यांत आलें. वर घेतलेलीं प्रमाणें अंदाजाचीं आहेत, व स्थळपरत्वें बदलतील, याची रॉस यांस पूर्ण जाणीव होती. आंकडा बदलेल, पण उंबरठा असणारच, हें त्यांचें सांगणें होतें.

हिंवतापनिवारणावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९१० सालीं निघाला, व १९११ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांनीं हाच विचार अधिक शुद्ध समीकरणांत घातला. पुढें १९१६ व १९१७ सालीं त्यांनीं सर्व प्रकारच्या घटनांचा एक व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १९१७ चे निबंध हिल्डा हडसन या गणितविदुषीच्या सहकार्यानें लिहिलेले आहेत. त्यांत त्यांनीं एक सुरेख भेद केला. अपघातासारख्या कांहीं घटना अशा असतात कीं त्या आधीं किती जणांवर ओढवल्या यावर पुढील संख्या अवलंबून नसते. सांथीचा रोग मात्र तसा नव्हे. आज किती जण आजारी आहेत यावरच उद्यां किती पडतील हें ठरतें. म्हणून सांथ प्रथम हळू चालते, मग भराभर चढते, आणि लागण होण्याजोगीं माणसें कमी होतांच उतरूं लागते.

थोरांचे दोषही झांकूं नयेत, म्हणून एवढें सांगणें प्राप्त आहे कीं रॉस स्वभावानें तापट व मानी होते. शोधाच्या श्रेयावरून ग्रासी यांच्याशीं त्यांचें भांडण वर्षानुवर्षें चाललें, व त्यांत दोघांच्याही लौकिकास कमीपणा आला. आपल्या कार्याचें चीज झालें नाहीं ही खंत त्यांनीं अखेरपर्यंत बाळगली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभींच, १९१४ सालीं, त्यांचा थोरला मुलगा रणांगणावर पडला. पत्नी १९३१ सालीं वारल्या. आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजीं लंडन येथें, त्यांच्याच नांवानें १९२६ सालीं उघडलेल्या संस्थेंत, रॉस यांनीं देह ठेवला.

त्यांनीं लावलेलें रोप मात्र वाढत गेलें, व त्याची एक फांदी आपल्या मुंबईपर्यंत आली आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँडरसन मॅकेंड्रिक हे तरुण वैद्य १९०१ सालीं रॉस यांच्याबरोबर पश्चिम आफ्रिकेंत सिएरा लिओन येथें गेले होते. तेथें त्यांस या गणिताची गोडी लागली. पुढें एडिंबरो येथें त्यांस विल्यम कर्मॅक हे सहकारी लाभले. प्रयोगशाळेंतील अपघातानें १९२४ सालीं कर्मॅक यांची दृष्टि गेली होती. तरी त्यांनीं अंधत्वांत, मनांतल्या मनांत, हें कठीण गणित चालविलें. दोघांनीं १९२७ सालीं सांथीच्या चढउताराचीं समीकरणें प्रसिद्ध केलीं, आणि तीं पारखण्यासाठीं आंकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे. डिसेंबर १९०५ पासून जुलै १९०६ पर्यंत आठवड्या-आठवड्यास मुंबईंत प्लेगनें किती माणसें दगावलीं, ती नोंद त्यांनीं कागदावर टिंबांनीं मांडली. समीकरणानें काढलेली वक्र रेषा त्या टिंबांवरून बहुतेक बरोबर गेली. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळें येतो, तेव्हां माणसांच्या आंकड्यांवर बसविलेलें गणित जपूनच वाचलें पाहिजे. तथापि त्या टिंबांकडे पाहतांना आमचें मन भरून येतें. प्रत्येक टिंबामागें कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा आहे. ते तर परत येणार नव्हते; परंतु त्यांच्या मृत्यूची नोंद कोणी तरी चोख ठेवली, म्हणून ती जगास उपयोगीं पडली. तुमच्या-आमच्यापैकीं जे कचेरींत वा दवाखान्यांत वह्या लिहितात, त्यांनीं आपल्या कामास क्षुद्र मानूं नये.

रॉस यांच्या संस्थेचे प्रमुख जॉर्ज मॅकडोनल्ड यांनीं १९५० नंतर हेंच गणित पुढें नेऊन दाखविलें कीं, डासांची संख्या कमी करण्यापेक्षांही त्यांचें आयुष्य कमी करणें अधिक परिणामकारक होतें; घरांच्या भिंतींवर औषध फवारण्याच्या मोहिमेस त्यामुळें बळ आलें. आपल्या देशांत हिंवतापाचे रोगी १९६१ सालीं सुमारें ५० हजारांपर्यंत उतरले. मग डास औषधास दाद देईनासे झाले, कामांतही ढिलाई आली, आणि १९७६ सालीं हाच आंकडा ६४ लाखांवर गेला. उंबरठ्याखालीं आणणें हें अर्धें काम. तेथें धरून ठेवणें हें दुसरें अर्धें. सन २०२० मध्यें कोरोनाची सांथ आली तेव्हां एका रोग्यापासून किती जणांस लागण होते, हा आंकडा घरोघरीं बोलला जाऊं लागला. तो एकाहून कमी झाला कीं सांथ ओसरते, हें ऐकतांना, आतां तुमच्या ध्यानांत आलेंच असेल, आपण रॉस यांचाच उंबरठा ऐकत होतों.

पावसाळा संपतां संपतां वर्गांतील बाकें तापामुळें रिकामीं पडूं लागतात, हें दृश्य आम्ही अजूनही पाहतों. त्या वेळीं, एका घरानें पाणी ओतून काय होणार, सगळें गांव थोडेंच स्वच्छ होणार आहे, असें कोणी म्हणालें, तर त्यास ४८ व ३६ यांचा हिशेब करून दाखवा. कुंडीखालची ताटली, अंगणांतली करवंटी, छपरावरचें जुनें टायर, झांकण नसलेली टांकी, यांतील पाणी आठवड्यांतून एकदां ओतणारा मुलगा गांवांतील सर्व डास मारीत नाहीं, हें खरें. परंतु तराजूचें पारडें कोणत्या बाजूस झुकावें हें ठरविणाऱ्यांपैकीं तोही एक असतो. रॉस यांच्या चरित्रापासून एवढें जरी तुम्हीं घेतलें, तरी गणिताचा तास वायां गेला असें आम्हांस वाटणार नाहीं.